शब्द कुठपर्यंत दिला आहे?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“मी बँकेतून आणि माझे पती कारखान्यातून निवृत्त झालो आहोत. आमच्याकडे अकरा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांमधून एका इंग्रजी शाळेत शिकत होती. आठवी झाल्यावर शाळेने पूर्ण फी मागितली. तेव्हा ‘तिच्या शिक्षणाची काळजी आता तुम्ही करू नका’ असे आम्ही बाईंना सांगितले आणि दोन वर्षे दरसाल ३६,००० रुपये दिले. नववीत दुसऱ्या हप्त्याचे १२,००० रुपये रोख दिले होते, ते शाळेत पोचलेच नाहीत. शाळेचा फोन आला तेव्हा आम्हाला कळले. धाकट्या मुलाला डेंग्यू झाला होता आणि पैसे दवाखान्यात गेले, असे बाई रडत म्हणाल्या. आम्ही पुन्हा भरले. आता मुलगी दहावीला ७१ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली आहे. तिने विज्ञान शाखा घेऊन इंजिनिअर व्हावे, अशी आमची इच्छा आहे. ती मात्र आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घ्यायचे म्हणते. मध्यंतरी आमच्या मिक्सरचा कपलर तिने स्वतः बदलला, तेव्हा आम्हीच तिचे कौतुक केले होते. पण म्हणून इतक्या हुशार मुलीने वायरमन व्हायचे का? त्यातच महापालिकेच्या शाळेत सहावीत असलेल्या धाकट्यालाही इंग्रजी शाळेत घालता येईल का, असे बाई विचारत आहेत. फीचा भार असल्याने दोन वर्षे त्यांचा पगार आम्ही वाढवलेला नाही, त्यांनीही मागितला नाही. पती म्हणतात, आता पुरे. नुकतीच दोन लाखांची एक मुदत ठेव सुटली आहे. त्यातून एखाद्या संस्थेमार्फत अनोळखी मूल दत्तक घ्यावे, म्हणजे हे ताप राहणार नाहीत, असे मनात येते. आमचे काही चुकते आहे का?”

सप्रेम नमस्कार.

पत्र स्वतःला न झाकता लिहिलेत, त्यामुळे मलाही स्पष्ट लिहिता येईल. तुम्ही बरेच प्रश्न विचारले आहेत, पण मी अडखळले ते प्रश्न म्हणून न आलेल्या एका वाक्याशी. दोन वर्षे बाईंचा पगार वाढवलेला नाही आणि त्यांनीही मागितला नाही, असे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. बाकी सगळ्याच्या आधी मला त्याविषयी बोलायचे आहे.

ज्या घरातून मुलीची फी जाते त्या घरात पगारवाढ कोणत्या तोंडाने मागायची, हा विचार त्या बाईंनी अनेकदा केला असणार. प्रश्न पगारवाढीपुरताही नाही. दिवाळीआधी माळ्यावरून काढलेली पितळेची भांडी, पाहुण्यांच्या दिवसांत दुप्पट झालेली खरकटी, ‘उद्या तेवढा खाडा करू नका’ ही सहज केलेली विनंती, यांतल्या कशालाही त्या आता नाही म्हणू शकत नाहीत. तुमच्या मनात तसे काही नसेल, हे मी धरून चालते. पण मदत घेणाऱ्याला ती कशी जाणवते, ते देणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. तुम्ही बँकेत आयुष्य काढले आहे, म्हणून हिशेबाने सांगते. महिन्याला पाचशे रुपयांची वाढ धरली तरी वर्षाचे ६,००० रुपये होतात. म्हणजे तुम्ही भरलेल्या ३६,००० मधला तेवढा वाटा बाईंनीच आपल्या न वाढलेल्या पगारातून भरला, फक्त पावती तुमच्या नावाने झाली. तेव्हा पगार तुमच्या परिसरात जो चालू दर आहे त्याप्रमाणे, मागील दोन वर्षांची वाढ धरून, वाढवा आणि त्याचा मुलीच्या शिक्षणाशी काही संबंध आहे असे बोलण्यातून सूचितही होऊ देऊ नका. दोन्ही झेपणार नसेल तर मदतीची रक्कम कमी करा, पगाराची नको. जाता जाता आणखी एक विचारा. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ स्थापन झाले आहे. बाईंची तिथे नोंदणी आहे का? नोंदणीसाठी त्या कुणाकडे काम करतात याचे प्रमाणपत्र लागते आणि ते देणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आता मुलीच्या शिक्षणाकडे वळू. तुमच्यावर हा प्रसंग आला तो ज्या वळणावर, तिथे राज्यातली पुष्कळ कुटुंबे अडकतात, म्हणून इतर वाचकांसाठी दोन वाक्ये अधिक लिहिते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना मिळतात; पण हा कायदा सहा ते चौदा या वयासाठी आहे. आठ-नऊ वर्षे तो मुलाचे बोट धरून चालतो आणि आठवीच्या निकालाच्या दिवशी बोट सोडतो. ज्यांच्या ओळखीत असे मूल असेल त्यांनी नववीच्या जूनमध्ये धावाधाव करण्याऐवजी सातवीतच आईवडिलांशी बोलावे. महाराष्ट्रात शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही आणि सेमी-इंग्रजीचे वर्ग असलेल्या चांगल्या अनुदानित शाळा नाशिकसारख्या शहरात आहेत. तुमचे ७२,००० रुपये वाया गेले असे मला म्हणायचे नाही. दहावीच्या तोंडावर शाळा, शिक्षक आणि मैत्रिणी बदलणे सोपे नसते. पण हा पर्याय त्या वेळी कुणी बोलूनही दाखवला नाही, असे पत्रावरून दिसते.

त्याऐवजी तुम्ही जे बोललात, ते वाक्य फार मोठे होते. ‘तिच्या शिक्षणाची काळजी आता तुम्ही करू नका.’ किती रुपये, किती वर्षे, कोणते शिक्षण, नापास झाली तर काय, तुमच्यापैकी कुणी आजारी पडले तर काय, यांतले काहीच त्यात नाही. पती ‘पुरे’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मते शब्द दहावीला पुरा झाला आहे. बाईंच्या मते तो अजून चालू आहे. मुलीला तर तो कधी कुणी थेट सांगितलेलाच नाही. तिघांपैकी कुणीही खोटे बोलत नाही.

मी पंधरा वर्षे एका लहानशा शिष्यवृत्ती निधीच्या निवड समितीवर होते. दरवर्षी जुलैत मदत मिळालेल्या मुलांची आभाराची पत्रे येत. एका वर्षी एकाच शाळेतून सव्वीस पत्रे आली आणि सव्वीसही पत्रांत ‘ऋणी’ हा शब्द ‘रुणी’ असा लिहिलेला होता. गुरुजींनी मजकूर फळ्यावर लिहून दिला होता आणि मुलांनी तो चुकीसकट उतरवला होता, हे उघड होते. आम्ही ती पत्रे फाईलला लावली आणि देणगीदारांना त्यांच्या प्रतीही पाठवल्या. त्या वेळी त्यात काही गैर वाटले नाही. आम्हाला बदलले ते दुसऱ्या वर्षीच्या एका आंतरदेशीय पत्राने. अकरावीतल्या एका मुलाने आभाराचा शब्द न लिहिता विचारले होते की पुढच्या वर्षीची रक्कम मिळणार की नाही, हे मार्चमध्ये कळवता येईल का. कारण नसेल मिळणार तर वडील त्याला मे महिन्यातच मामाच्या गॅरेजवर पाठवणार होते आणि आमचा निर्णय तर जूनअखेरीस व्हायचा. आम्ही पैसे देत होतो, पण ते देतो की नाही हे मुलाला दरवर्षी शेवटच्या क्षणापर्यंत कळू देत नव्हतो. त्यानंतर समितीने संख्या जवळपास निम्मी केली आणि जे मूल निवडले त्याला अभ्यासक्रम संपेपर्यंतचे लेखी पत्र पहिल्याच वर्षी द्यायला सुरुवात केली. त्या पत्रात रक्कम असे, शेवटचा महिना असे आणि एक वर्ष नापास झाल्यास मदत थांबणार नाही, हेही असे. कमी मुलांना मदत केली म्हणून आमच्यावर टीका झाली. ती मला आजही मान्य नाही.

म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला असा आहे की ‘पुढे मदत करायची का’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुठपर्यंत’ हा प्रश्न पतींबरोबर बसून सोडवा. दोन लाखांची ती ठेव पुन्हा ठेवा आणि मुलीला दिलेल्या शब्दाच्या मागे उभी करा. त्यातून दरवर्षी किती काढायचे आणि कोणत्या वर्षी थांबायचे, हे कागदावर लिहा. तुम्ही दोघेही साठी ओलांडलेले आहात, तेव्हा त्या कागदाची एक प्रत तुमच्या मुलांना किंवा जवळच्या कुणाला देऊन ठेवा, म्हणजे तुमच्यापैकी कुणी अंथरुणाला खिळले तरी मुलीचे वर्ष अडणार नाही. पतींनाही यात दिलासा आहे, कारण ‘पुरे’ म्हणण्याचा दिवस त्यांना आधीच ठरवून मिळतो.

आणि मग आयटीआय. तुमच्या पत्रातला ‘वायरमन’ हा शब्द मी दोनदा वाचला. त्यामागची हळहळ मला समजते, पण ती तुमची आहे, मुलीची नाही. तिने जे सांगितले आहे ते लहर म्हणून सोडून देण्याइतके कच्चे नाही. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, प्रवेश दहावीच्या गुणांवर राज्याच्या ऑनलाईन प्रक्रियेतून होतो, शासकीय संस्थेत शुल्क अगदी थोडे असते आणि नंतर शिकाऊ उमेदवार म्हणून १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येते. तुमच्या शहरात सातपूर आणि अंबड या दोन औद्योगिक वसाहती आहेत आणि शासकीय आयटीआय त्र्यंबक रस्त्यावर, सातपूरच्या बाजूलाच आहे. शिवाय तुम्हाला जे दार बंद होईल असे वाटते ते बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो आणि पदविका झाली की अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे तिला पुढे इंजिनिअर व्हावेसे वाटलेच तर ती होऊ शकेल. वाटेत तिच्या हाताला काम असेल, इतकाच फरक. अकरावी विज्ञानाची वाट तुम्ही सुचवता, तिचा खर्चही मोजून पाहा. ७१ टक्क्यांवर नाशिकमध्ये मनासारखे अनुदानित महाविद्यालय मिळेलच असे नाही, सीईटी या प्रवेश परीक्षेची शिकवणी वेगळी, आणि दोन वर्षांनी निकाल मनासारखा लागला नाही तर हातात केवळ बारावीचे प्रमाणपत्र उरते. ज्या घरात एक डेंग्यू शाळेचा हप्ता खाऊन जातो, त्या घरातल्या मुलीला ही जोखीम आपल्यापेक्षा स्पष्ट दिसत असते.

तिला खरोखर मदत लागेल ती शुल्काबाहेरच्या खर्चाला. कार्यशाळेचा गणवेश, सेफ्टी शूज, ड्रॉइंगचे साहित्य, पकड, टेस्टर आणि मल्टिमीटर, सिटीलिंक बसचा महिन्याचा पास, आणि सकाळी लवकर निघायचे म्हणून बाहेर खाल्लेला वडापाव. यासाठी दरमहा ठरावीक रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून चालवता येते, मर्यादा बँक ठरवते. हे तुम्हाला मी काय सांगावे! ते खाते आधारशी जोडून घ्या, कारण शासकीय शिष्यवृत्त्या त्याच वाटेने येतात. पुढे पदविका किंवा पदवीला गेली तर राज्याने २०२४-२५ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत. या सगळ्यांना उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि प्रवर्गाप्रमाणे जातीचे कागद लागतात. हे कागद वेळेत नसल्याने शिष्यवृत्ती हुकलेली मुले मी इतकी पाहिली आहेत की पैशापेक्षा एक मोकळा दिवस ही मोठी देणगी आहे असे मला वाटू लागले आहे. सेतू केंद्रात एक खेप म्हणजे बाईंचे चार घरांचे खाडे. आणि रेशनकार्डावरच्या नावातली एक वेलांटी चुकली की दुसरी खेप. तुम्ही निवृत्त आहात, फॉर्म भरण्याची तुम्हाला सवय आहे. पगार न कापता बाईंना तुमच्या घरचा एक दिवस मोकळा द्या आणि त्यांच्याबरोबर स्वतः जा.

तुमच्या इच्छेचे काय, असे तुम्ही विचाराल. इच्छा असण्यात काही गैर नाही. ती एकदा बोलून दाखवावी आणि मग सोडून द्यावी. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करण्याच्या करारावर त्यांची सही घेतली होती. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजूही झाले. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीत अवमान होत राहिला, आणि नोकरी सोडून त्यांना परतावे लागले. इतक्या मोठ्या उदाहरणाची तुमच्या घराशी तुलना करणे धाडसाचे आहे, हे कळते. तरीही त्या करारातली एक गोष्ट मला नेहमी जाणवते: अट लिहिलेली होती, म्हणून ती किती आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. घरगुती मदतीत अट कुणी लिहीत नाही. मुलगी विज्ञानाला गेली नाही तर तुम्ही रागावणार का, लग्न लवकर ठरले तर पैसे परत मागणार का, रस्त्यात भेटली आणि थांबली नाही तर मनाला लावून घेणार का, हे तिला माहीत नसते. म्हणून ती प्रत्येक वेळी जपून वागते आणि तुम्हाला वाटते, किती गुणी मुलगी आहे.

बारा हजारांविषयी तुम्ही फार लिहिले आहे, म्हणून मी थोडक्यात लिहिते. बाईंनी ते सांगायला हवे होते. पण ज्या घरात महिन्याची सगळी रोकड एकाच डब्यात असते तिथे ‘हे फीचे, हे औषधाचे’ असे कप्पे तापाने फणफणलेल्या मुलासमोर टिकत नाहीत, आणि आपणही त्या जागी तेच केले असते. न सांगण्याचे कारण वर आले आहेच: ज्यांच्याकडे पगारवाढ मागता येत नाही त्यांना फीचे पैसे मोडल्याचे कसे सांगायचे? यापुढे फी थेट संस्थेत भरा आणि पावतीची एक प्रत मुलीकडे राहू द्या. वर्षाला तीन-चार हजार रुपये अडीअडचणीसाठी म्हणून आधीच वेगळे सांगा. त्याचा हिशेब मागू नका. आणि तो विषय आता पुन्हा काढू नका, विशेषतः मुलीसमोर.

धाकट्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला थांबवीन. महापालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत त्याचे शिक्षण, पाठ्यपुस्तके आणि दुपारचे जेवण मोफत आहे. सहावीतून उचलून त्याला खासगी विनाअनुदानित शाळेत घातले तर नव्याने फी सुरू होईल, भाषेमुळे तो वर्गात मागे पडेल, आणि आणखी एक गोष्ट जाईल जी बाईंना बहुधा ठाऊक नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा दोन चाचण्या, प्रत्येकी ९० प्रश्नांच्या. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे) आणि पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे; खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ती देता येत नाही. त्याच्या बहिणीला ती म्हणूनच देता आली नाही. मुलाच्या हातात अजून दोन वर्षे आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळ त्याला तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसवून गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घ्या. ते तुमच्या पतींना आवडेल, असा माझा अंदाज आहे. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आकृत्यांचे प्रश्न सोडवायला हवे असतात. एवढे करून निवड झाली नाही, तरी मूल गणितात वर येईल.

राहिली संस्था. ‘दत्तक’ हा शब्द मला खटकतो, जरी तो आपल्याकडे रुळलेला आहे आणि शासनाच्या सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेच्या नावातही आहे. मुलाला आईबाप असताना कुणी त्याला दत्तक कसे घेईल? ‘शैक्षणिक पालकत्व’ त्यातल्या त्यात बरे. पण शब्द सोडा. संस्थेमार्फत दिले म्हणजे ताप राहणार नाहीत, असे तुम्ही म्हणता. तिथेही डेंग्यू असतोच, थकलेले भाडे असते, आयटीआयचा हट्ट असतो. फक्त ते तुम्हाला दिसत नाही, कारण संस्थेचा कार्यकर्ता त्या घरी जाऊन ते निस्तरत असतो. त्यामुळे कार्यालयीन खर्च शून्य आहे असे सांगणाऱ्या संस्थेपेक्षा, कार्यकर्त्याच्या पगाराला इतके लागतात असे सांगणारी संस्था मला अधिक विश्वासाची वाटते.

संस्थेचे एक मोठे सुख मात्र आहे आणि ते मुलाचे सुख आहे. पुण्यात वार लावून जेवणाऱ्या किंवा माधुकरी मागणाऱ्या मुलांची पिढी आपल्या आजोबा-वडिलांची. आठवड्याचे सात दिवस सात घरी, प्रत्येक घरच्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून पोळी मागायची की नाही हे ठरवायचे. असे वार लावून जेवलेले माझे वडील म्हातारपणीही ताटात दुसऱ्यांदा काही वाढून घेत नसत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामात, दुधगावच्या आश्रमापासून, मुष्टिफंडाची पद्धत होती: घराघरांतून रोजचे मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि ते एकत्र गोळा करायचे. मुलगा जेवत असे ते कुणाच्या मुठीतले, हे त्याला कळण्याचे कारणच नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत वाचलेले आहे. पुण्यात डॉ. अच्युत आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून आलेल्या गरजू मुलांना वसतिगृहात ठेवते, तीही याच परंपरेतली. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभे असले की मुलाला रोज कुणाच्या डोळ्यांसमोर राहावे लागत नाही.

तेव्हा पुढे कधी संस्थेला द्यायचे झाले तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहा, आणि दोन प्रश्न विचारा. मागील पाच वर्षांत किती मुलांनी शिक्षण मध्येच सोडले आणि का? देणगीदाराने मध्येच हात आखडला तर मुलाचे काय होते? पहिल्या प्रश्नाला ‘एकानेही नाही’ असे उत्तर आले तर दुसरीकडे जा. मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि दर सणाला फोटो देणारी संस्था तुम्हाला आपुलकीची वाटेल. मी अशा संस्थेला पैसे देणार नाही. आयकरातली ८०-जी म्हणून ओळखली जाणारी वजावट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिलेली नसेल तर. बाईंच्या मुलीला दिलेल्या पैशांवर ती मिळणार नाही. पण हे सगळे पुढचे. एक शब्द अर्धा असताना दुसरा देऊ नका; मुलीचा कागद आधी पुरा करा, ठेवीतून उरेल ते संस्थेला.

आयटीआयच्या अर्जाच्या तारखा निकालानंतर फार थांबत नाहीत, म्हणून या आठवड्यातच बोलावे लागेल. आधी बाईंशी पगाराचे बोला, ओट्याजवळ उभ्या उभ्या नव्हे, बसवून. मुलीच्या शिक्षणाचे नंतर बोला, तिला स्वतःला समोर बसवून, कागद तिच्या हातात देऊन. आणि ही दोन्ही बोलणी एकाच दिवशी करू नका.